ओव्हन तापत नाही? आधी त्याच्या घड्याळाकडे बघा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, सगळे काढले नाहीत.)

आजचा भाग ओव्हनवर आहे. मायक्रोवेव्ह नव्हे आणि टेबलावर ठेवायचा ओटीजीही नव्हे. किचनच्या उंच कपाटात, फर्निचरवाले ज्याला टॉल युनिट म्हणतात त्यात, भिंतीला पाठ लावून बसवलेला बिल्ट-इन ओव्हन. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचनबरोबर हे बरेच आले. काही घरांत तो वापरतात, काही घरांत त्यात कढया ठेवतात. माझ्या ताईकडे वापरतात, आणि जोरात वापरतात. ती नाताळला प्लम केकच्या ऑर्डरी घेते. म्हणून हा भाग.

झालं असं की डिसेंबरातल्या एका गुरुवारी लाइट गेली. पुण्यातल्या लोकांना गुरुवारचं वेगळं सांगायला नको. दुपारी लाइट आली, ओव्हनच्या डिस्प्लेवर ०.०० लुकलुकायला लागलं. ताईने नेहमीप्रमाणे वेळ लावली, नॉब फिरवला, १८० अंश. पाच मिनिटांनी डिस्प्ले मंद झाला, आतून ‘टक’ आवाज आला आणि परत ०.००. ओव्हन कोमट. पुन्हा वेळ लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ‘टक’सुद्धा नाही.

भिजवलेली फळं तयार, बावीस केकची ऑर्डर, हातात नऊ दिवस. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, पाच मिनिटं बघितलं, म्हणाला मॉडेल बंद झालंय, पार्ट येणार नाही, नवीन घ्या. नवीन म्हणजे साठ हजारांच्या पुढे. मग भाऊजींनी कोपऱ्यावरच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने अर्ध्या तासात ‘डायरेक्ट’ करून दिलं. ओव्हन तापला! सगळे खूश. दुसऱ्या केकच्या वेळी जळक्या प्लास्टिकचा वास आला, तेव्हा ताईने मेन स्विच बंद करून मला फोन केला.

या सगळ्यात ओव्हन बिघडलेलाच नव्हता. कॉइल ठीक, थर्मोस्टॅट ठीक, पंखा ठीक. बिघडलं होतं फक्त घड्याळ. ‘घड्याळ बिघडलं तर ओव्हन का बंद पडावा’ हा प्रश्न मला तिघांनी विचारला, भाऊजींनी जरा रागानेच. तर आधी त्याचंच उत्तर.

ओव्हनच्या दर्शनी पट्टीवरचं ते घड्याळ नुसती वेळ दाखवायला नसतं. ते एक स्विच असतं. भिंतीतून आलेली फेजची वायर आधी घड्याळाच्या बोर्डावर जाते, तिथल्या रिलेतून बाहेर पडते आणि मग फंक्शनच्या नॉबकडे, थर्मोस्टॅटकडे, कॉइलकडे पोचते. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. तुम्हाला जो ‘टक’ ऐकू येतो तो त्याचा. घड्याळाने परवानगी दिली तर रिले जोडला जातो आणि पुढे वीज जाते. नाही दिली तर तुम्ही नॉब कितीही फिरवा, कॉइलपर्यंत काही पोचत नाही. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन झोपला तर घरात सगळं व्यवस्थित असूनही पाहुणा आत येत नाही, तसं.

हे असं का केलं? कारण हे ओव्हन ज्या देशांसाठी बनले तिथे कल्पना अशी होती की सकाळी मांस किंवा कॅसरोल आत ठेवून कामावर जायचं, घड्याळ संध्याकाळी पाच वाजता ओव्हन चालू करेल आणि सहाला बंद करेल. घरी येईपर्यंत जेवण तयार. थंड हवेच्या देशात ठीक आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये केकचं मिश्रण आठ तास आत ठेवून बघा. बेकिंग पावडरचा जोर तर जाईलच, वर जे होईल ते मुलांच्या सायन्स प्रोजेक्टला चालेल. म्हणजे आपण जी सोय कधीच वापरत नाही, तिच्याच दारातून सगळी वीज जाते.

आता याचा एक साधा परिणाम, आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात. लाइट गेली की घड्याळाला वेळ माहीत नसते. वेळ माहीत नसेल तर ‘पाच वाजता चालू कर’ हा हुकूम पाळता येणार नाही, म्हणून बऱ्याच मॉडेल्समध्ये ते रिले उघडाच ठेवतं. ०.०० लुकलुकतंय तोपर्यंत ओव्हन तापणार नाही. हा बिघाड नाही. वेळ लावा. तरी तापत नसेल तर डिस्प्लेवर बारीक चिन्हं बघा. हाताचा पंजा दिसला तर घड्याळ ‘मॅन्युअल’वर आहे, म्हणजे दार उघडं. इंग्रजी ‘ए’ लुकलुकत असेल तर ते ‘ऑटो’मध्ये अडकलंय. पाच-सहा बटणांच्या जुन्या घड्याळात मधली दोन बटणं, पाककाळ आणि शेवटची वेळ यांची, एकत्र दाबली की ते बहुधा मॅन्युअलवर येतं. तीन बटणांच्या घड्याळात मधलं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं असतं. किल्लीचं चिन्ह म्हणजे लहान मुलांसाठीचं कुलूप. आणि काही ओव्हनमध्ये शोरूमसाठी डेमो मोड असतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, ऊब शून्य. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून ती शोधा. माझ्या ओळखीच्या एका घरात डेमो मोडमधल्या ओव्हनची कॉइल बदलली गेली होती, म्हणून सांगतोय.

बटणाऐवजी गोल टायमर असेल, म्हणजे १२० मिनिटांपर्यंत फिरवायचा आणि शेवटी टिंग वाजणारा, तर तोही स्विचच आहे. शून्यावर असेल तर ओव्हन बंद. त्याच्यावर हाताच्या चिन्हाची एक जागा असते, तिथे फिरवून ठेवला की वेळेशिवाय चालतो.

बरं, ताईकडे हे सगळं करून झालेलं होतं. मग घड्याळ खरंच गेलं हे कसं ओळखायचं?

पहिली खूण तिने स्वतःच सांगितली होती: ओव्हन चालू झाला की डिस्प्ले मंद होतो आणि वेळ पुसली जाते. ही खूण लक्षात ठेवा. या बोर्डांवर बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टवरून बोर्डाला लागणारी थोडीशी वीज काढायला एक चौकोनी कपॅसिटर वापरतात, त्यावर ‘एक्स टू’ असा शिक्का असतो. ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर ५० हर्ट्‌झला त्यातून साधारण ३४ मिलिअँपिअर मिळतात. डिस्प्लेला आणि रिलेला तेवढं पुरतं. या कपॅसिटरमध्ये प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. लाइनमध्ये झटका आला, की जिथे तो पापुद्रा फुटतो तिथला धातू जळून जातो आणि जखम आपोआप बुजते. चांगली गोष्ट आहे, स्फोट होत नाही. पण दर झटक्याला थोडा धातू कमी होतो. वर्षानुवर्षं लाइट जाणं-येणं, पावसाळ्यातले झटके, आणि एक दिवस ०.४७ चा ०.२ होतो. डिस्प्ले लागायला तेवढं चालतं. रिले ओढायला गेलं की पुरत नाही. व्होल्टेज पडतं, डिस्प्ले मंद होतो, घड्याळाला वाटतं लाइट गेली, आणि सगळं पहिल्यापासून. ताईचा कपॅसिटर मी नंतर काढून मोजला. ०.१९ होता.

दुसरी खूण आवाज. वेळ लावली, मॅन्युअलवर आणलं तेव्हा ‘टक’ येतो का? येत असेल आणि तरी तापत नसेल तर रिलेचे आतले पॉइंट जळलेत, किंवा रिलेच्या पायाशी सोल्डर तडकलाय. हे दुसरं फारच नेहमीचं. अडीच किलोवॉटचा ओव्हन म्हणजे जवळपास ११ अँपिअर, ते सगळे त्या दोन छोट्या सोल्डरच्या थेंबांतून जातात. गरम-थंड, गरम-थंड होऊन तिथे गोल चीर पडते. उलटही होतं बरं का: पॉइंट चिकटून बसतात, मग टायमर संपला तरी ओव्हन बंद होत नाही. ते जास्त धोक्याचं, कारण ते लगेच कळत नाही.

तिसरी खूण बाकीचे निर्दोष असणं. ओव्हनची वीज पूर्ण तोडून, प्लग हातात घेऊन, मल्टिमीटरने कॉइल मोजा. पंख्याभोवतीची गोल कॉइल २००० वॉटची असेल तर २६-२७ ओहम दाखवेल, खालची १००० वॉटची असेल तर ५३ च्या आसपास. कॉइलचं एक टोक आधी सोडवून घ्या, नाहीतर दुसऱ्याच वाटेचं मोजाल. आणि कॉइल ते ओव्हनचं लोखंड यांच्यात काहीच दाखवता कामा नये. दाखवत असेल तर कॉइल अर्थ झालीय आणि तुमचा आरसीसीबी उडत असणार, तो वेगळा विषय. कॉइल चांगल्या, थर्मोस्टॅट चालू स्थितीत जोडलेला, जास्त तापल्यावर तोडणारा कटआउट शाबूत, तरी ओव्हन थंड; मग राहिलं घड्याळ. बोर्डाला चालू विजेवर मीटर लावून बघायचा मोह आवरा. ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे त्या बोर्डावरचा प्रत्येक बिंदू, बटणांच्या मागचासुद्धा, थेट २३० व्होल्टला जोडलेला असू शकतो.

इथे ‘डायरेक्ट’बद्दल बोललं पाहिजे, कारण हा शब्द महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या पोटात आहे. मेकॅनिकने काय केलं? रिलेला येणारी आणि रिलेतून जाणारी अशा दोन वायरी काढल्या, एकमेकींना पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली. विचार म्हणून तो चुकीचा नव्हता. त्याने दोष बरोबर ओळखला होता, सर्व्हिस सेंटरवाल्यापेक्षा जास्त. थर्मोस्टॅट आणि कटआउट स्वतंत्र असलेल्या ओव्हनमध्ये घड्याळ वगळलं तरी तापमान ताब्यात राहतं. जातं ते फक्त आपोआप बंद होणं. पण जोड कसा केला ते बघा. पीळ दिलेल्या जोडाला थोडा जरी अडथळा आला, समजा अर्धा ओहम, तर ११ अँपिअरला तिथे साठ वॉट उष्णता तयार होते. जुना साठचा बल्ब हातात धरून बघितलाय कधी? तेवढी आग एका टेपच्या आत, ओव्हनच्या गरम छपरावर, लाकडी कपाटात. टेप वितळणारच होती. मी उघडलं तेव्हा ती चॉकलेटसारखी खाली ओघळली होती आणि शेजारच्या निळ्या वायरचं आवरण फुगलं होतं. आणखी चार केक झाले असते तर आपण आज वेगळ्याच विषयावर बोलत असतो.

म्हणून माझं मत: तात्पुरतं वगळायचंच असेल तर ते काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनने, हीट-प्रूफ वायर आणि दाबून बसवलेल्या थिंबलनेच करावं, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून. आणि ज्या ओव्हनमध्ये तापमानही डिस्प्लेवरच लावतात, तिथे हा विचारसुद्धा करू नका. तिथे घड्याळ, थर्मोस्टॅट, सगळं एकाच बोर्डात असतं; वायर जोडली तर थांबवणारं काहीच उरत नाही.

आता पार्ट. ‘मॉडेल बंद झालं’ याचा अर्थ ओव्हन विकणं बंद झालं. घड्याळ मात्र बऱ्याचदा ओव्हनच्या कंपनीचं नसतंच. ती बाहेरून घेतात, आणि तेच घड्याळ चार नावांच्या ओव्हनमध्ये बसलेलं असतं. म्हणून दोन नंबर लागतात. एक, ओव्हनचं दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला चिकटवलेली पट्टी: मॉडेल, आणि त्याच्याखालचा लांबलचक प्रॉडक्ट नंबर, शेवटच्या तिरक्या रेघेनंतरच्या आकड्यांसकट. दोन, घड्याळाच्या मागे छापलेला नंबर. दुसऱ्यावर शोधलं तर जास्त सापडतं. ताईचं घड्याळ आम्हाला मुंबईतल्या एका सुट्या भागांच्या दुकानात मिळालं, साडेपाच हजाराला, चार दिवसांत. दिसायला सारखं आहे म्हणून घेऊ नका. बटणं तीच, भोकं तीच, पण मागच्या पिना वेगळ्या असं होतं. दुकानदाराकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा, लाजू नका.

न्यू जर्सीत असलेला आमचा भाचा ‘मामा, इथून पाठवतो’ म्हणाला. प्रेमाने म्हणाला, पण नको म्हटलं. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, व्होल्टेजची मांडणी वेगळी. आणि यातली बरीच घड्याळं वेळ मोजायला लाइनच्याच लहरी मोजतात. ६० लहरी म्हणजे एक सेकंद असं मानणारं घड्याळ आपल्या ५० च्या लाइनवर तासाला दहा मिनिटं मागे पडेल.

हे लहरी मोजण्याचं प्रकरण मजेशीर आहे, एक मिनिट घेतो. २०१८ च्या सुरुवातीला युरोपातल्या २५ देशांतली ओव्हनची घड्याळं हळूहळू मागे पडत गेली, मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं. लोकांना वाटलं आपलंच बिघडलं. कारण निघालं सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या वादात: ग्रिडमध्ये जितकी वीज यायला हवी होती तितकी येत नव्हती, एकूण तूट ११३ गिगावॉट-तासांची. त्यामुळे सगळ्या जोडलेल्या ग्रिडची सरासरी ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्‌झ राहिली. फरक किती, तर शंभरात एक भागाचाही शंभरावा हिस्सा नाही. पण दिवसाला ४३ लाख २० हजार लहरी मोजायच्या म्हटल्यावर दोन महिन्यांत सहा मिनिटं जमतात. एप्रिलच्या सुरुवातीला ग्रिड मुद्दाम थोडी जोरात चालवून ती मिनिटं भरून काढली. तेव्हा तुमच्या ओव्हनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झालं तर बोर्ड बदलायला धावू नका.

आता प्रत्यक्ष काम. एमसीबी बंद. नुसता नॉब नव्हे, नुसतं भिंतीवरचं बटणही नव्हे. डीबीमधला एमसीबी, आणि घरातल्यांना सांगून, नाहीतर कोणीतरी ‘अरे ट्रिप झालाय’ म्हणून वर करतं. दार उघडलं की चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेला दोन किंवा चार स्क्रू दिसतात, तेच ओव्हनला कपाटात धरून असतात. ते काढून ओव्हन पुढे ओढायचा. वजन तीस-पस्तीस किलो, त्यामुळे दोन माणसं. ओढताना दाराच्या हँडलला धरायचं नाही, आतल्या पोकळीच्या कडांना धरायचं. आम्ही समोर त्याच उंचीचं टेबल लावलं आणि त्यावर गोधडी घातली. मागचा १६ अँपिअरचा प्लग बाहेर काढला की खरं निश्चिंत होता येतं. प्लग नसेल आणि वायर थेट जोडलेली असेल, तर टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ दोन्ही शून्य आहे हे बघा, आणि तोच मीटर आधी चालू सॉकेटवर लावून तो चालतोय हेही. मग पाच मिनिटं थांबा, कपॅसिटर रिकामा होऊ दे. चहा घ्या.

वरचं पत्र्याचं झाकण काढलं की दर्शनी पट्टीच्या मागे घड्याळ दिसतं. ताईच्यात ते दोन स्क्रूंवर होतं, काहींमध्ये प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. त्यापूर्वी फोटो काढा. वरून, बाजूने, तिरका. मग प्रत्येक वायरला कागदी टेप लावून तिची पिन लिहा. रंगावर भरवसा ठेवू नका, आधीच्या कोणी बदललेली असू शकते. ताईच्यात तर असणारच होती. थिंबल काढताना पक्कडीने थिंबलचं धातू धरायचं, वायर ओढायची नाही. एक वायर जुन्या पिनवरून काढायची, तीच नव्या घड्याळाच्या त्याच पिनवर बसवायची, मग दुसरी. सगळ्या एकदम काढून मग ‘ही कुठली बरं’ असं करायचं नाही.

थिंबल घट्ट बसली पाहिजे, हाताने सहज निघाली तर नवी लावा. काळवंडलेली तर नवीच. आम्ही पिळाच्या दोन्ही वायरी आणि ती फुगलेली निळी वायर कापून टाकल्या आणि इलेक्ट्रिशियनकडून हीट-प्रूफ वायर, नव्या थिंबल दाबून घेतल्या. मी स्वतः ते करू शकलो असतो, पण माझ्याकडे योग्य दाबयंत्र नाही, आणि साध्या पक्कडीने दाबलेली थिंबल म्हणजे पुन्हा तोच अर्धा ओहम.

भाऊजींनी विचारलं, ‘कपॅसिटर पाच-पन्नास रुपयांचा येतो म्हणतोस, मग साडेपाच हजार कशाला?’ प्रश्न रास्त. फक्त कपॅसिटर उतरला असता तर मी तोच बदलून घेतला असता, तितक्याच व्होल्टेजचा आणि ‘एक्स टू’ प्रकारचाच, चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून. पण बोर्ड काढून पालथा केला तेव्हा रिलेच्या पायाभोवती फायबर तपकिरी झालेलं, एक पट्टी सुटलेली. तिथे सोल्डर लावणं म्हणजे कुजलेल्या भिंतीत खिळा ठोकणं. भाऊजींनी स्वतः डोळ्यांनी बघितलं आणि गप्प पैसे दिले.

सगळं जोडल्यावर, कपाटात सरकवण्याआधी, प्लगच्या अर्थ पिनपासून ओव्हनच्या उघड्या धातूपर्यंत मीटरने मोजा. जवळपास शून्य ओहम हवं. फेज पिन आणि अर्थ पिन यांच्यात काहीच नको. मग टेबलावरच प्लग लावून बघायचं, झाकण बसवलेलं असताना. वेळ लावली, हाताचं चिन्ह आलं, ‘टक’. वीस मिनिटं १८० वर. डिस्प्ले ठणठणीत. ताईने ओव्हनला नमस्कार केला, खरंच केला.

आत सरकवताना मला असं काही दिसलं की बोर्ड का गेला ते बरंचसं कळलं. कपाटाच्या मागे आणि वर हवा जायला जी फट ठेवतात, तिथे सुताराने नंतर एक फळी मारली होती. वर पोळपाट ठेवायला जागा झाली होती. बिल्ट-इन ओव्हनमध्ये एक वेगळा थंड करणारा पंखा असतो. केक झाल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो, तो याच घड्याळाच्या बोर्डावरून हवा खेळवायला. फट बंद, तर तो गरम हवाच फिरवतो. त्यात आपली सवय: काम झालं की भिंतीवरचं बटण बंद. बचतीची सवय, आईने लावलेली, चांगलीच आहे. पण २०० अंशाचा ओव्हन नुकताच थांबलेला असताना बटण बंद केलं की पंखाही थांबतो आणि सगळी ऊब वर चढून बोर्डाला भाजत बसते. तेव्हा पंखा आपला आपण थांबेपर्यंत थांबा, मग बटण बंद करा. बंद केलं की पुढच्या वेळी वेळ लावावी लागेल, तेवढा त्रास आहे. विजा कडाडत असताना मात्र बंदच ठेवा. ती फळी आम्ही काढली. पोळपाट सध्या फ्रिजवर आहे.

जाता जाता गेल्या भागानंतर आलेला एक प्रश्न, याच विषयाचा आहे म्हणून घेतो. ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या ओव्हनचा डिस्प्ले पूर्ण काळा आहे, पण दिवा लागतो, मग ओव्हन जिवंत आहे का? बहुतेक आहे. काही मॉडेल्समध्ये दिवा घड्याळाच्या आधीच जोडलेला असतो. म्हणजे वीज ओव्हनपर्यंत येतेय आणि घड्याळावर अडतेय. आधी मॉडेल नंबर आणि पट्टीचा फोटो काढून ठेवा, मग कोणालाही बोलवा. आणि येणारा माणूस ‘डायरेक्ट करू का’ म्हणाला तर तो कोणती वायर, कोणती थिंबल वापरणार ते विचारा.

बावीसपैकी एकोणीस केक वेळेत गेले. तीन ताईने शेजारणीच्या ओटीजीत केले, ते जरा बसके झाले, ते आम्ही खाल्ले.

पुढच्या भागात मिक्सरचं कपलर दर वर्षी का तुटतं, त्याबद्दल. भेटू.